नावाने हाक

बजरंगने न्यायला गाडी पाठवली तेव्हाच पुनमने ओळखलं, दादाला आपल्याकडून काहीतरी हवं आहे. एरवी ती नांदेडहून एसटीने यायची, लातूरच्या स्टँडवर उतरून ऑटो करायची, आणि घरात पाय ठेवला की दादा पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "आलीस होय." या खेपेला पांढरी गाडी थेट ती शिकवायची त्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. ड्रायव्हरने बॅग उचलली, पाण्याची बाटली पुढे केली, एसी किती ठेवू म्हणून विचारलं. अर्धापूरच्या केळीची फणी तेवढी पुनमने आपल्या मांडीवरच ठेवली. एवढा मानपान झाला की सावध व्हायचं असतं, हे तिला याच घरात वाढून कळलं होतं.

लोहा मागे पडलं, अहमदपूर मागे पडलं. रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या गंजी बघत ती खंडेनवमीला नेमकं काय घडलं ते पुन्हा जुळवत राहिली. त्या दिवशी ती स्वतः नांदेडला सासरी होती. फोनवर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं होतं. पण सगळं गाळून घेतलं तर खाली उरत होतं ते एकच.

बालाघाट नेमबाजी मंडळाच्या रेंजवर दरवर्षी खंडेनवमीला रायफलींची पूजा होते. शेषेरावांनी, म्हणजे पुनमच्या वडिलांनी, मंडळ काढलं तेव्हापासूनची ही रीत. टेबलावर पांढरं कापड, त्यावर ओळीने रायफली, प्रत्येकीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मग पाहुण्याच्या हातून पहिली गोळी. यंदाचे पाहुणे होते बसलिंगप्पा. कारखानदार, हाताचे सढळ, आणि रेंजला इलेक्ट्रॉनिक टार्गेट बसवून देतो म्हणून शब्द दिलेले. त्यांच्यासाठी निशाण्याचे नवे कागद लावायला दोन पोरी पार पुढे, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या भरावापाशी गेल्या होत्या. एक बजरंगची लेक सृष्टी, दुसरी जलीलचाचांची आलिया. जलीलचाचा रेंज सांभाळतात. पोरी पुढे आहेत, कुणी हात लावू नका, असं बजावून ते गोळ्यांची पेटी आणायला शेडमध्ये गेले. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, साहेब, एक पोझ होऊन जाऊ द्या.

मंडळाचा अध्यक्ष बजरंग. त्याने टेबलावरची आपली रायफल उचलली. रिकाम्या रायफलीत नारिंगी प्लॅस्टिकचा फ्लॅग खोचून ठेवतात; ती रिकामी आहे हे लांबूनसुद्धा दिसावं म्हणून. तो फोटोत बरा दिसेना. बजरंगने तो उपसून खिशात टाकला आणि त्या जागी झेंडूचं फूल खोचलं. मग रायफल बसलिंगप्पांच्या खांद्याला लावून द्यायला तो वळला, आणि नळी सरळ पोरींच्या अंगावरून फिरली.

पुढून आरोळी आली, "बजरंग, नळी!"

आलियाने सृष्टीला खाली ओढलं होतं आणि स्वतः मातीत पडून ती ओरडली होती. काका नाही, सर नाही, अध्यक्षसाहेब नाही. नुसतं बजरंग. कॉलेजातली पोर, बापाच्या वयाच्या माणसाला, पाहुण्यादेखत. बसलिंगप्पा रागावले असते तर निभावलं असतं, पण ते हसले. तुमच्यात अध्यक्षाला असंच बोलावतात व्हय, म्हणाले. बजरंगच्या मनात ते हसणं रुतून बसलं.

आता आजच्या सभेत आलियावर ठराव होता. अध्यक्षांचा अवमान, सबब एक वर्षाचं निलंबन. म्हणजे पुढच्या महिन्यातली राज्य स्पर्धा तिच्या हातची गेली. तिच्या वयोगटातली ती शेवटची. ठराव वाचायचा तो मंडळाच्या सचिवाने, आणि सचिव होती पुनम. गाडीचं कोडं काही फार अवघड नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच होती. आलियाने जे केलं तो शेषेरावांचाच नियम होता. रेंजवर कुणाची नळी माणसाकडे वळलेली दिसली, की ज्याला दिसेल त्याने रायफल धरणाऱ्याच्या नावाने ओरडायचं. तिथे मामा नाही, साहेब नाही. ज्याची नळी वळली त्याने, ती भरलेली असो नाहीतर रिकामी, आपल्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे जिच्याशिवाय गोळी सुटत नाही ती आतली दांडी, स्वतःच्या हाताने काढून पितळी तबकात ठेवायचा, सगळ्यांसमोर. मग पुढच्या खंडेनवमीपर्यंत रायफलीला शिवायचं नाही, दुसऱ्यांचे कागद लावायला पुढे चालत जायचं. एकदा एका निवृत्त तहसीलदारांना त्यांच्याच जुन्या शिपायाने नावाने हाक मारली होती. तहसीलदार आठवडाभर फुगून बसले आणि मग वर्षभर निमूट कागद लावत राहिले. शेषेराव सगळ्यांना सांगायचे, नळी खाली आली की नातं जिथल्या तिथं. पण हे कुठे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही, आणि शेषेरावांच्या माघारी, त्यांच्याच घरातल्या माणसाला अशी हाक मारायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती.

जेवायला येसराची आमटी, भाकरी आणि वर पुरणाची पोळी. वहिनीने पोळीवर तूप ओतलं ते थांबेचना. शिरूर अनंतपाळहून रामलिंग आला होता. हा मधला भाऊ, शेती सांभाळणारा, मंडळाच्या कार्यकारिणीवर नावापुरता. मळणीयंत्र रानात उभं ठेवून आलोय, असं त्याने आल्यापासून दोनदा सांगितलं होतं. सृष्टी जेवायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली, आणि कुणी तिला दुसऱ्यांदा बोलावलं नाही. पलंगावर केवळाबाई, या तिघांची आई, भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

या घराची एक सवय होती. सभेत काय होणार ते जेवताना ठरायचं, आणि सभेत फक्त हात वर व्हायचे. घरचं घरात, असं बजरंग म्हणायचा आणि आजवर ते सगळ्यांना सोयीचं होतं. त्याने पुनमपुढे जे मांडलं त्यात खोटं काही नव्हतं. रेंजसाठी त्याने इतकी वर्षं कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते तिला माहीत होतं. लातूरची पोरं कागदावर शिकतात, पुण्याला जाऊन मशीनवर खेळतात, आणि पहिल्याच फेरीत बावरून बाहेर पडतात. बसलिंगप्पांनी हात आखडता घेतला तर पुढची दहा वर्षं हेच.

"मला काय हौस हाय का त्या पोरीला बसवायची?" बजरंग म्हणाला. "दोन ओळीची माफी लिहून दे म्हणावं. सभेत वाचतो, ठराव मागं घेतो, बसलिंगप्पांना फोन करतो. मिटलं. तुझं ऐकती ती, पुनम. तू शिकवलंयस तिला रायफल धरायला."

रामलिंग मान डोलवत होता. दादा म्हणतो ते बरोबर हाय, माफीनं कुणाचं काय जातंय, असं त्याचं म्हणणं. त्याला वाद नको होता आणि संध्याकाळच्या आत शिरूर गाठायचं होतं.

केवळाबाईने शेंगेवरची नजर न काढता विचारलं, "त्या पोरीला नळी दिसली का न्हाई?"

"आई, रिकामी होती रायफल."

"मी इचारलं काय, अन् तू सांगून राहिला काय."

बजरंग हसला आणि पाण्याचा तांब्या मागितला. पुनमला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं पटलंही. माफी ही काही फाशी नव्हे. पोरीची स्पर्धा वाचते, दादाचा मान राहतो, टार्गेट येतात. हात धुऊन ती उठली आणि त्याच पांढऱ्या गाडीने रेंजवर गेली.

जलीलचाचा शेडमध्ये खुर्च्या मांडत होते. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून बंदुका दुरुस्त करणारं. शेषेरावांशी त्यांची दोस्ती बंदुकीच्या एका बिघडलेल्या घोड्यावरून झाली आणि मरेपर्यंत टिकली. पुनमने काय सांगायला तोंड उघडलं ते त्यांनी पुरं होऊच दिलं नाही.

"मी तिला दोन दिवसांपासून तेच सांगून राहिलो, पुनमबाई. माग बेटा माफी, जबान काय झिजत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या पोरीनं हाक मारली असती तर एवढं लागलं नसतं. ते तुमाला बी कळतंय, मला बी. म्हणून म्हणतो, मिटवा."

पुनमला ते कळत होतं, आणि ते त्यांनी बोलून दाखवल्यावर तिला आपल्याच घराची लाज वाटली.

आलिया बाहेर भरावावरचे जुने कागद काढत होती. तिने पुनमला नमस्कार केला, पाणी विचारलं, आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उद्धटपणाचा लवलेश नव्हता. घुमी पोर नव्हती ती. पण घाईने बोलायचीही नाही.

"काकांची माफी मी कधीबी मागंल, मॅडम. सोनं द्यायला घरी गेले तवा पाया पडले. त्यांना वाईट वाटलं, त्याचं मला बी वाईट वाटतंय." तिने हातातला कागद नीट दुमडला. "पण हाक मारली ते चुकलं, असं लिहून देणार न्हाई. उद्या एखाद्या बारक्या पोराला नळी दिसंल. ते आधी इचार करंल, हे कोण हायत, ह्यांना काय म्हणू, मागं आलियाला काय झालं होतं. तुमीच शिकवलं ना, तेवढ्यात गोळी पोचती."

"स्पर्धा जाईल, आलिया."

"जाईल."

तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. हे सगळं पुनमनेच कधीकाळी या पोरीला शिकवलं होतं, आणि आता ती ते परत मागायला आली होती.

परत आली तेव्हा केवळाबाई गच्चीवर वाळत घातलेली डाळ गोळा करत होती. पुनमने सुपलं धरलं आणि मन मोकळं केलं. काय करावं कळत नाही, म्हणाली. पोरगी बरोबर आहे, पण दादा म्हणतो की हा नियम कुठे लिहिलेलाच नाही. बाबांनी पोलिसांचं बघून कधीतरी काढलेली पद्धत, पाहुण्यांपुढे कशाला.

"पोलिसाचं न्हाई बघितलं त्यानं," केवळाबाई म्हणाली. "माझ्यापासून आलंय ते."

पुनमचा हात सुपल्यावर तसाच राहिला. केवळाबाई डाळीतले खडे वेचत बोलत होती, जणू शेजारणीची गोष्ट सांगावी.

"तुझ्या बापाकडं तवा ठासणीची बंदूक होती. शिरूरच्या रानात डुकरं लई. दिस मावळायला जवारीत सळसळ झाली, त्यानं नळी धरली. मी बांधावर. मला दिसलं, जवारीत डुक्कर न्हाई, बजरंग हाय. कणसं खायला शिरला होता, पाचेक वर्साचा आसंल. मी म्हणलं अवो. अवो, अवो करून वरडले. पर रानात समद्याच बाया अवो म्हणत्यात, तो कशाला वळून बघतोय? मग मी नाव घेतलं. शेषेराव, म्हणलं. समद्या रानात ऐकू गेलं."

लग्नकार्यातल्या उखाण्यापलीकडे आईने वडिलांचं नाव घेतलेलं पुनमने कधी ऐकलं नव्हतं. रेशन कार्डावर नाव सांगायचं तरी ती पोरांना पुढे करायची. आत्तासुद्धा नाव घेताना तिने पदर सारखा केला होता, ते गेल्याला इतकी वर्षं होऊनही.

"नळी खाली पडली त्याच्या हातातून. अन् सासूनं मला चुलीपाशी येऊ दिलं न्हाई, नवऱ्याचं नाव रानात वरडली म्हणून. तुझ्या बापानं आईपुढं तोंड न्हाई उघडलं. पर रातच्याला मला म्हणला, आजपसून बंदुकीपुढं नातं न्हाई. मला लाज वाटायची, म्हणून माझं नाव त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. पोलिसाचं म्हणून सांगत बसला."

"दादाला माहीत नाही हे?"

"काय सांगू त्याला? बापाच्या नळीपुढं हुबा होतास म्हणून? पोराला बापाची धास्ती बसली असती जल्मभर."

पुनमला लगेच सभा दिसू लागली. हे तिथे सांगितलं की कुणाची छाती आहे ठराव आणायची? तिने ते बोलून दाखवलं. केवळाबाईने सुपलं तिच्या हातातून काढून घेतलं.

"सभेत न्हाई. सांगायचं आसंल तर माझ्या पोराला मी सांगंन, माझ्या तोंडानं. तुला जे बोलायचं ते तू तुझ्या जिवावर बोल. माझ्या गोष्टीआड लपू नगं."

मग पायऱ्या उतरता उतरता मागे न बघता म्हणाली, "सभा झाली की त्याला जेवायला घिऊन ये. मी थांबते."

सभेला शेड भरली होती. पंख्याचा घुर्र आवाज, पुढे टेबल, टेबलामागे बजरंग, भिंतीवर शेषेरावांचा फोटो, त्याला दसऱ्याचा सुकलेला हार. उजव्या भिंतीला रायफलींचा रॅक. आलिया आणि जलीलचाचा मागच्या रांगेत बसले होते. सृष्टी दारापाशी उभी होती. बोलावलं नसताना ती स्कूटीवरून आली होती.

चालू कामकाज भराभर उरकलं. मग बजरंगने पुनमकडे बघितलं. त्या बघण्यात माफी आणलीस का हा प्रश्न होता, आणि पुनमने मान हलवून नाही सांगितलं. त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला. "मग ठराव वाचा," म्हणाला.

पुनम उठली. ठरावाचा कागद तिने टेबलावर पालथा घातला आणि म्हणाली की सदस्याच्या वागण्याचा विषय नंतर घेऊ, त्याआधीचा एक विषय खंडेनवमीपासून पडून आहे. त्या दिवशी नळी माणसांवरून फिरली. तबक निघालं नाही. ते आधी व्हायला हवं.

खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. बजरंगने शांतपणे घेतलं. तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्या वेळी रेंज चालू नव्हती, पूजा चालू होती, असं त्याने सांगितलं. पूजेतल्या शस्त्राला रेंजचा नियम कसा लागेल? रायफल रिकामी होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण सकाळी त्यानेच ती तपासली होती. आणि मंडळाच्या घटनेत तबकाचं एक अक्षर नाही. ज्याला दाखवायचं त्याने दाखवावं. दोनचार माना डोलल्या. रामलिंग घड्याळाकडे बघत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," पुनम म्हणाली. "पुढं उभ्या असलेल्यांना कसं ठाऊक व्हावं?"

बजरंग उत्तर देणार एवढ्यात दारातून सृष्टी बोलली. तिला मताचा हक्क नव्हता, ती अजून कनिष्ठ गटात. कुणी अडवण्याआधी ती बोलून गेली.

"मी फ्लॅग बघितला, पप्पा. नळी आली तवा मी आधी फ्लॅगच बघितला. न्हाई दिसला. तिथं काहीतरी केशरी होतं, पण ते हलत होतं. मला कळंना काय हाय ते. मला हलताच आलं न्हाई." तिचा आवाज बारीक झाला. "आलियानं ओढलं मला."

ज्या पोरीचं चार दिवस डोकं दुखत होतं तिच्याकडे बजरंग बघत राहिला. त्या नळीपुढे आपली लेक होती, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण तिला काय दिसलं हे त्याने तिला विचारलंच नव्हतं. घरात कुणीच विचारलं नव्हतं. पुनमनेही नाही.

"पुनम," तो शेवटी म्हणाला, आवाज घरातला, जवळजवळ विनवणीचा, "सभा तहकूब करतो. घरी बोलू. आपलं घरातलं हाय हे."

इथेच सगळं होतं. घरी बोललं की जेवताना ठरेल, तूप वाढलं जाईल, आणि मागच्या रांगेतली पोर एक वर्ष घरी बसेल. पुनमला आईची गोष्ट ओठांवर आलेली जाणवली. एका वाक्यात काम झालं असतं. तिने ती गिळली. मग लहानपणापासून ज्याच्या नावाला दादा जोडल्याशिवाय तिने हाक मारली नव्हती, ज्याने तिला सायकल शिकवली, बापाच्या माघारी तिचं लग्न लावून दिलं, त्याच्याकडे तिने सरळ बघितलं.

"बजरंग," ती म्हणाली. "बोल्ट ठेव."

कुणीतरी खुर्ची सरकवता सरकवता थांबलं. जलीलचाचांनी मान खाली घातली. बजरंगला ऐकू आलं होतं, तरी त्याने विचारलं, "काय म्हणालीस?"

"बजरंग, बोल्ट ठेव." तिने पालथा कागद बाजूला सारला. "बाबा असते तर त्यांनी हीच हाक मारली असती. मी चार दिवस उशिरा मारते, एवढीच माझी चूक."

मग जे झालं त्याची अपेक्षा तिलाही नव्हती. रामलिंग उठला. आयुष्यात ज्याने दादाच्या पुढे कधी शब्द काढला नाही, तो कपाटापाशी गेला, पूजेच्या सामानातून पितळी तबक काढलं आणि टेबलावर आणून ठेवलं. खंडेनवमीचं हळदकुंकू अजून त्याला लागून होतं. मग तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं नाही.

बजरंगने तबकाकडे बघितलं. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं नाही, पुनमकडे बघितलं नाही. उठला तेव्हा काहींना वाटलं तो दाराकडे जाणार. तो रॅककडे गेला. आपली रायफल काढली, नळी जमिनीकडे धरून, जशी बापाने शिकवली होती तशी. नारिंगी फ्लॅग काढला, आणि सवयीच्या हाताने एका झटक्यात बोल्ट बाहेर काढला. रायफल परत जागी लावली. बोल्ट तबकात ठेवताना पितळेचा आवाज झाला.

"तबकात बोल्ट असलेला माणूस खुर्चीत बसत न्हाई," तो म्हणाला. "सभा सचिवांनी चालवावी. आलियावरचा ठराव मी मागं घेतो. बसलिंगप्पांना काय सांगायचं ते मी सांगतो, टार्गेट येवोत न येवोत." मग मागच्या रांगेकडे बघून, बघायला जड जात असतानाही, म्हणाला, "स्पर्धेपर्यंत तुझे कागद मी लावीन."

आलिया उभी राहिली होती. तिने मान वाकवली. सृष्टी दारातून आत आली आणि तिच्याशेजारी बसली.

सभा संपायला फार वेळ लागला नाही. अध्यक्षपदाचं पुढच्या सभेत बघू असं ठरलं. काही जण बजरंगला चुकवून निघून गेले. एकाने मुद्दाम थांबून हात मिळवला. रामलिंग म्हणाला, आता शिरूरला उद्याच जातो. पुनमने सह्या घेतल्या, तबक कपाटात ठेवलं आणि बाहेर आली तेव्हा बजरंग एकटाच भरावापाशी उभा होता. जिथे पोरी उभ्या होत्या, बरोबर तिथे, आणि तिथून तो फायरिंग लाइनकडे बघत होता. तिथून किती दिसतं आणि काय दिसत नाही ते बघत असावा.

ती चालत त्याच्यापर्यंत गेली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "लई लांब वाटतं इथून," एवढंच म्हणाला.

नळी खाली आली होती. पुनमने त्याचा दंड धरला, लहानपणी जत्रेत धरायची तसा.

"चल, दादा," ती म्हणाली. "आई जेवायची थांबलीय. तिला तुला कायतरी सांगायचंय."